कोच रातोरात गेला, आता पोरांच्या ड्राफ्टचं काय? (केंटकी बास्केटबॉल)

लेक्झिंग्टनचा_नागपुरी | ८ एप्रिल २०२४

मंडळी, आज दुपारी इथे सूर्यग्रहण होतं. लेक्झिंग्टनला खग्रास नव्हतं पण जवळजवळ तेवढंच, ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळे कागदी चष्मे लावून उभे आणि अर्धी पब्लिक वर बघायचं सोडून फोनमध्ये बघतेय. कारण काल रात्री बातमी फुटली की कॅलिपारी अर्कान्सासला चालला. आमच्या गावाला खरं ग्रहण कालच लागलं म्हणायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनिव्हर्सिटी ऑफ केंटकी म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधलं पंढरपूर. जॉन कॅलिपारी इथे १५ सीझन कोच होता, २०१२ ला नॅशनल टायटल आणलं, त्याच वर्षी याची सहा पोरं एकाच एनबीए ड्राफ्टमध्ये (प्रो लीगच्या टीम दरवर्षी नवीन पोरं निवडतात तो) गेली, त्यातली पहिली दोन तर पहिल्या आणि दुसऱ्या नंबरला. पण गेल्या काही वर्षांत मार्चमधल्या नॅशनल टूर्नामेंटमध्ये माती खायची सवय लागली होती. २०२२ ला सेंट पीटर्स नावाच्या कॉलेजने घरी पाठवलं, आणि यंदा २१ मार्चला ओकलंडने, ८०-७६. ओकलंडच्या जॅक गोल्की नावाच्या पोराने एकट्याने १० थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) टाकले, १०!! आमच्या घरात दोन दिवस सुतक होतं.

तरी अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने पाचसहा दिवसांत जाहीर केलं की कोच राहणार. आम्ही म्हटलं चला, ठीक. आणि आता हे. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याने काल रात्रीच भिंतीवरचा कॅलिपारीचा फोटो काढून कचऱ्यात टाकला, बायकोने तो परत काढून कपाटावर ठेवला, म्हणे एवढी वर्षं भिंतीवर होता, राहू दे.

तर प्रश्न असा, की टीममध्ये रीड शेपर्ड, रॉब डिलिंगहॅम, जस्टिन एडवर्ड्स, डीजे वॅग्नर, अडू थिएरो, एरन ब्रॅडशॉ, तो क्रोएशियाचा सात फुटी इविशिच एवढी पोरं आहेत, बहुतेक १९-२० वर्षांची. ही सगळी या माणसाच्या शब्दावर आलेली. आता यांच्या एनबीए ड्राफ्टचं काय होणार? कोच गेल्याने भाव पडतो का?

पेठेतला | ८ एप्रिल २०२४

२०१९ मध्ये याच गृहस्थांना दहा वर्षांचं, ८ कोटी ६० लाख डॉलरचं 'लाइफटाइम' काँट्रॅक्ट दिलं होतं ना? पाच वर्षांत संपलं. आमच्या मिक्सरची लाइफटाइम वॉरंटी पण बरोबर पाच वर्षांचीच निघाली होती.

सातारी_तडका | ८ एप्रिल २०२४

मला यातलं ओ की ठो कळत नाही पण धागा वाचायला मजा येतेय. एक बेसिक विचारू का, ही पोरं एवढी भारी असतील तर कॉलेजात येतातच कशाला, डायरेक्ट एनबीएत का जात नाहीत?

बंडू_बास्केट | ९ एप्रिल २०२४

@सातारी, चांगला प्रश्न. पूर्वी जायची. कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स दोघे शाळेतून थेट गेले. २००५ ला एनबीए आणि खेळाडूंच्या युनियनच्या करारात नियम आला की ड्राफ्टच्या वर्षात वय १९ पूर्ण पाहिजे आणि अमेरिकन मुलगा असेल तर त्याच्या हायस्कूल बॅचला बाहेर पडून एक वर्ष झालेलं पाहिजे. मग ते एक वर्ष काढायचं कुठे, तर बरेचसे कॉलेजात. याला इथे वन-अँड-डन म्हणतात, आणि कॅलिपारीने हे दुकान जेवढं चालवलं तेवढं कोणीच नाही चालवलं. जॉन वॉल, अँथनी डेव्हिस, कार्ल-अँथनी टाउन्स, तिघेही एकेक वर्ष राहिले आणि तिघेही ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला गेले.

ड्राफ्ट म्हणजे ३० टीम, दोन राउंड. यंदा दोन टीमचे पिक (निवडायची पाळी) दंड म्हणून कापलेत त्यामुळे ५८ नावं. पहिल्या राउंडमध्ये आलात तर पगार ठरलेला आणि पहिली दोन वर्षं गॅरंटीड. दुसऱ्या राउंडमध्ये तसली कुठलीच हमी नाही, टीम देईल ते. त्याच्याही खाली टू-वे काँट्रॅक्ट, म्हणजे अर्धा पाय एनबीएत अर्धा जी-लीगमध्ये (एनबीएची खालची लीग), वर्षाचे साडेपाच लाख डॉलरच्या आसपास. (आपल्याला ते पण चालतील हा भाग वेगळा.)

आता नागपुरी भाऊंचा मूळ प्रश्न. माझं मत, कोच गेल्याने टॉपच्या पोरांना शष्प फरक पडत नाही. स्काउट लोकांनी वर्षभर सगळं बघितलंय. शेपर्डने ५२ टक्के थ्री मारलेत, हा आकडा कोच बदलल्याने बदलत नाही. डिलिंगहॅमचं पण तेच. आणि दोघे बहुतेक मॅच बेंचवरून आलेत बर्का! केंटकीत बेंचवर बसणं म्हणजे डाग नाही, डेव्हिन बुकरने इथे एकही मॅच स्टार्ट केली नव्हती, २०१५ ला १३ वा गेला.

खरी गोची मधल्या पोरांची. ज्यांचं नाव सीझनच्या आधी वर होतं आणि आता घसरलंय. जस्टिन एडवर्ड्स बघा, गेल्या ऑक्टोबरात लोक याला पहिल्या पाचात धरत होते. सीझनभरात पॉइंट मॅचला नऊपण नाही. अलाबामाविरुद्ध १० पैकी १० शॉट टाकले त्या दिवशी वाटलं सुटला, पण नंतर परत तेच. अशा पोराला कोच राहिला असता तर एक वर्ष थांबून भाव वाढवायचा पर्याय होता, त्याच माणसाखाली, त्याच सिस्टिममध्ये. आता थांबायचं तर नवीन कोच, आणि तो कोण हेही माहीत नाही. या पोरांचं वाईट वाटतं.

निळीशाई | ९ एप्रिल २०२४

मी बास्केटबॉल अजिबात बघत नाही, नवरा बघतो. पण हा धागा वाचून मला माझी पीएचडी आठवली म्हणून लिहितेय, विषयांतर वाटलं तर सांगा.

माझ्या तिसऱ्या वर्षी आमचे गाईड गेले. म्हणजे वारले नाहीत, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेले, मोठी चेअर मिळाली. शुक्रवारी ग्रुप मीटिंगमध्ये सांगितलं, सोमवारपासून खोल्या रिकाम्या करायला सुरुवात. आम्ही चौघं होतो. सरांनी चौघांनाही सांगितलं की या माझ्याबरोबर, आणि ते मनापासून होतं, पण प्रत्येकाचं गणित वेगळं असतं ना. एकाचं डेटा कलेक्शन झालेलं, तो इथूनच सबमिट करून बाहेर पडला, त्याला काडीचा फरक पडला नाही. एक जण ज्याचं सगळं काम सरांच्याच मशीनवर होतं तो मुकाट्याने त्यांच्यामागे गेला. एकीने मास्टर्सवर समाधान मानलं आणि नोकरी धरली. आणि मी राहिले, कारण नवऱ्याची नोकरी इथे. नवीन गाईडना माझा विषय अर्धा कळायचा, दीड वर्ष जास्त लागलं.

बंडू म्हणतात ते पटलं, ज्याचं काम झालंय त्याला फरक पडत नाही. मधल्याचं मरण. पण अजून एक सांगते, मला सरांचा राग पैशासाठी गेले म्हणून नव्हता. मला राग याचा होता की आदल्या बुधवारी मी त्यांना पुढच्या उन्हाळ्याचं प्लॅनिंग दाखवलं होतं आणि त्यांनी त्यावर करेक्शन्स करून दिली होती. त्यांना तेव्हा माहीत होतं.

लेक्झिंग्टनचा_नागपुरी | ९ एप्रिल २०२४

@निळीशाई ताई, विषयांतर कुठलं, हेच तर आहे. आज कॅलिपारीचा व्हिडिओ आला, म्हणे प्रोग्रामला आता दुसरा आवाज ऐकायची गरज आहे. असेल बाबा. मुलाने पूर्ण बघितला, तोंडातून शब्द नाही, आणि मग मला विचारतो बाबा, पण मग डीजेला पण माहीत नव्हतं का? काय सांगू.

ठाणेकर७८ | ११ एप्रिल २०२४

डीजे वॅग्नरची काळजी सोडा. त्याचे वडील ड्वॉन वॅग्नर मेम्फिसला याच कॅलिपारीकडे खेळले, २००२ ला सहावे ड्राफ्ट झाले. आजोबा मिल्ट वॅग्नर लुइव्हिलकडून १९८६ ला चॅम्पियन, आणि मेम्फिसला ते कॅलिपारीच्या स्टाफवर होते. तीन पिढ्यांचा घरोबा आहे, तो पोरगा त्याच्यामागेच जाणार. लिहून ठेवा.

आणि साखळी बघा कशी आहे. एसएमयू कॉलेजने कोच एन्फील्डला यूएससी कॉलेजातून उचललं, यूएससीने कोच मसलमनला अर्कान्सासमधून उचललं, अर्कान्सासने कॅलिपारीला. आता केंटकी कोणाला उचलतंय बघू. आमच्या सोसायटीत पार्किंगचं असंच झालं होतं, एकाने गाडी हलवली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगच्या गाड्या हलल्या.

बंडू_बास्केट | १३ एप्रिल २०२४

तर केंटकीचा नवा कोच मार्क पोप! बीवाययू कॉलेजमधून. आणि ठाणेकर, साखळी अजून संपली नाही, बीवाययू आता फिनिक्स सन्सचा असिस्टंट केविन यंगला घेणार असं दिसतंय, म्हणजे एनबीएतला माणूस उलटा कॉलेजात.

इथल्या लोकांना डॅन हर्ली किंवा बेलरचा स्कॉट ड्रू पाहिजे होता, दोघांनी नकार दिला, त्यामुळे पोपचं नाव आल्यावर ट्विटरवर नुसता शिमगा चालू होता. पण तो १९९६ च्या चॅम्पियन टीमचा कॅप्टन आहे. आणि गंमत म्हणजे त्या टीममध्ये जेफ शेपर्ड होता, म्हणजे आपल्या रीडचे बाबा.

सातारी_तडका | १३ एप्रिल २०२४

म्हणजे काकाच कोच म्हणून आलाय, आता पोरगं कसं जाणार

लेक्झिंग्टनचा_नागपुरी | १५ एप्रिल २०२४

काल रप अरीनात पोपची प्रेस कॉन्फरन्स होती, सगळ्यांना फुकट प्रवेश. आम्ही म्हटलं जाऊन येऊ, काय दोन-तीन हजार लोक असतील. कसलं काय, वीस हजारांचं स्टेडियम भरलं!! नुसत्या प्रेस कॉन्फरन्सला! शुक्रवारी शिव्या घालणारे रविवारी रडत होते. १९९६ ची टीम बसमधून आली, माणूस स्टेजवर आला ट्रॉफी घेऊन, आणि शेजारचे पासष्टीचे आजोबा मला मिठी मारून गदगदले. मी त्यांना ओळखत पण नाही.

पण टीम कुठाय? स्कॉलरशिपवरचं एक पोरगं शिल्लक राहील असं वाटत नाही.

पेठेतला | १५ एप्रिल २०२४

मंडप भरला, नवरा आला, वऱ्हाडी जेवले. मुलगी तेवढी पळून गेली.

बंडू_बास्केट | १९ एप्रिल २०२४

शेपर्डने काल जाहीर केलं, ड्राफ्टला जातोय. काका वगैरे सगळं ठीक आहे, पण पहिल्या पाचात गेला तर पहिल्या वर्षीच ऐंशी-नव्वद लाख ते एक कोटी डॉलर. कॉलेजात आता नाव-फोटो वापरायचे पैसे मिळतात, २०२१ पासून एनआयएल चालू झालंय, पण एवढे कोण देणार.

नागपुरी भाऊ, ट्रान्सफरचं पण सांगतो. यंदाच्या (२०२४) नियमाने हेड कोच गेला की त्या टीमच्या पोरांना ३० दिवसांची वेगळी खिडकी मिळते, पोर्टलमध्ये (कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत) नाव टाकायला. ड्राफ्टमध्ये नाव देऊन कंबाइनला जाऊन यायचं, शिकागोला मोजमाप, उड्या, टीमशी इंटरव्ह्यू, आणि २९ मेपर्यंत नाव मागे घेतलं तर कॉलेज शाबूत. त्यामुळे हुशार पोरं दोन्हीकडे फॉर्म भरतात. थिएरोने तेच केलंय.

सातारी_तडका | १९ एप्रिल २०२४

म्हणजे आपल्याकडे सीईटी पण द्यायची आणि नीट पण द्यायची आणि शेवटी बीएस्सीला अ‍ॅडमिशन घेऊन ठेवायची. कळलं.

मिशिगनची_मावशी | २१ एप्रिल २०२४

वाचनमात्र होते इतके दिवस. आमच्याकडे अ‍ॅन आर्बरला हे २०१९ मध्ये झालंय. मिशिगन युनिव्हर्सिटीचा कोच जॉन बीलाइन, इतका सज्जन माणूस की कोणाला स्वप्नात वाटलं नव्हतं, १३ मेला सकाळी उठलो तर एनबीएत क्लीव्हलँड कॅव्हलियर्सला गेलेला. मे महिन्यात! नाव मागे घ्यायला पोरांकडे दोन आठवडे. जॉर्डन पूल, ब्राझडेकिस आणि चार्ल्स मॅथ्यूज तिघांनी आधीच ड्राफ्टला नावं दिली होती, तिघेही परत आले नाहीत. पूल २८ वा गेला, तेव्हा लोक म्हणाले घाई केली, २०२२ ला वॉरियर्सकडून चॅम्पियन झाला. ब्राझडेकिस ४७ वा. आणि मॅथ्यूज बिचारा, एका टीमच्या वर्कआउटमध्येच गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ड्राफ्टमध्ये नाव आलंच नाही.

कोच गेल्यामुळे कोणाचं नशीब फळफळलं आणि कोणाचं फुटलं असं म्हणवत नाही हो. गुडघा कोणी बघितलाय. बीलाइनचं म्हणाल तर कॅव्हलियर्समध्ये ५४ मॅच टिकले, पुढच्या फेब्रुवारीत राजीनामा.

निळीशाई | २१ एप्रिल २०२४

मावशी, 'गुडघा कोणी बघितलाय' हे मी फ्रिजवर लावणार आहे.

एफ१_वाला | २३ एप्रिल २०२४

एक प्रश्न आहे. तो क्रोएशियन पोरगा एफ-१ (स्टुडंट) व्हिसावर असणार ना? मग तो एनआयएलचे पैसे घेऊ शकतो का? विचारतोय कारण मला इथे कॅम्पसच्या बाहेर पिझ्झा डिलिव्हरी पण करता येत नाही.

बंडू_बास्केट | २३ एप्रिल २०२४

तुझं दुःख कळतं मित्रा :) परदेशी मुलांची हीच पंचाईत आहे. केंटकीचाच ऑस्कर शीबवे, काँगोचा, २०२२ चा देशातला बेस्ट प्लेअर, त्याने त्या ऑगस्टमध्ये टीम बहामाजला गेली तेव्हा तिथे जाहिरातींची कामं केली, कारण अमेरिकेच्या बाहेर केलेलं चालतं. एवढा मोठा प्लेअर असून २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं नाही, टू-वेवर गेला. कॉलेजात भारी आणि एनबीएला हवा तसा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीबवे रिबाउंडचा राजा, पण आता सेंटरला पण बाहेरून शूटिंग लागतं आणि उंचीपण हवी.

कामाठीपुऱ्याच्या_पलीकडे | २४ एप्रिल २०२४

मी नागपाड्याचा. बच्चूखान ग्राउंडवर खेळलेला माणूस आहे, सिमेंटचं कोर्ट, पडलात की कातडी गेली. आमच्या वस्तीतून इंडियाला किती प्लेअर गेलेत विचारा कोणालाही. आमचे कोच एकाच जागी म्हातारे झाले, पैसे मिळायचे नाहीत म्हणून जायचा प्रश्नच नव्हता, हाहा. रेल्वेत नोकरी लागली की तोच आमचा ड्राफ्ट. सकाळी बातमी यायची अमक्याला वेस्टर्न रेल्वेने घेतला, संध्याकाळी बिर्याणी.

भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला एकच, सतनाम सिंग, २०१५, डॅलस, ५२ वा. तो तर कॉलेज खेळलाच नाही, फ्लोरिडाच्या अ‍ॅकॅडमीतून थेट. त्या दिवशी आम्ही ग्राउंडवर पेढे वाटले होते, पंजाबचा का असेना.

लेक्झिंग्टनचा_नागपुरी | २४ एप्रिल २०२४

अरे वा! मी शिवाजीनगर जिमखान्याचा बे, नागपूर. तुमच्याकडच्या टीमने आम्हाला एकदा वीसने धुतलं होतं ते विसरलो नाही.

बंडू_बास्केट | २८ जून २०२४

धागा वर काढतोय. निकाल आला. शेपर्ड तिसरा, ह्यूस्टन. डिलिंगहॅम आठवा, स्पर्सने घेऊन मिनेसोटाला दिला. अँटोनियो रीव्ह्ज ४७ वा, तो पाच वर्षं कॉलेज खेळलेला, न्यू ऑर्लिन्सला. आणि एडवर्ड्स... ५८ मध्ये नाव नाही. ऑक्टोबरात पहिल्या पाचात आणि जूनमध्ये कुठेच नाही. फिलाडेल्फिया टू-वे देतंय म्हणे, गाव त्याचंच आहे ते.

शेपर्डने कंबाइनमध्ये ४२ इंचांची उडी मारली हे कोणी बघितलं का? गोरं, सव्वासहा फुटांच्याही आतलं पोरगं, त्याच्याकडून कोणाची अपेक्षाच नव्हती.

ठाणेकर७८ | २८ जून २०२४

आणि वॅग्नर, थिएरो, इविशिच तिघेही अर्कान्सासला. लिहून ठेवा म्हटलं होतं. ब्रॅडशॉ ओहायो स्टेटला. केंटकीसाठी ठरलेली नवीन पोरं फ्लँड, नॉक्स, रिचमंड, तीपण कोचबरोबर तिकडे.

लेक्झिंग्टनचा_नागपुरी | २९ जून २०२४

आमच्याकडे पोपने सगळं घर नव्याने भरलंय, डेटन, ड्रेक्सेल, वेक फॉरेस्ट, ओक्लाहोमा, कुठून कुठून. एकही जुना स्कॉलरशिपवाला नाही. मुलगा नावं पाठ करतोय, मी पहाडे पाठ करायचो तसं.

व्हर्जिनियाकर | २० ऑक्टोबर २०२४

लेक्झिंग्टनवाल्यांनो, तुमचं एप्रिलमध्ये तरी झालं. आमचा व्हर्जिनियाचा कोच टोनी बेनेट परवा रिटायर झाला, सीझनला तीन आठवडेही नाहीत! ज्याने २०१८ ला सोळाव्या सीडकडून (म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या टीमकडून) हरून पुढच्याच वर्षी टायटल आणलं तो माणूस. पत्रकारांसमोर बोलताना गळा दाटला होता, म्हणाला की पोर्टल आणि पैशाच्या या नव्या वातावरणात मी योग्य कोच नाही. मला राग येत नाही त्याचा. पण पोरांनी आता काय करायचं? सेमिस्टर अर्धं झालंय. असिस्टंट रॉन सँचेझ हंगामी कोच झालाय. फ्लोरिडा स्टेटमधून आमच्याकडे नुकताच आलेला जेलन वॉर्ली एक मॅच न खेळता पोर्टलमध्ये.

निळीशाई | २१ ऑक्टोबर २०२४

हे मला जास्त प्रामाणिक वाटलं. पण वेळ! गाईडने सबमिशनच्या तोंडावर संन्यास घेतल्यासारखं.

पेठेतला | २१ ऑक्टोबर २०२४

संन्यास घेणाऱ्याला मुहूर्त कुठे असतो. ज्यांना आंघोळीचं पाणी तापवून ठेवायचं होतं त्यांचे हाल.

लेक्झिंग्टनचा_नागपुरी | २ फेब्रुवारी २०२५

काल अर्कान्सासची मॅच होती, रपमध्येच. ऑफिसातल्या एकाने दोन तिकिटं दिली, वरच्या ओळीतली. कॅलिपारीचं नाव घेतल्यावर जो काय बू झालाय, छप्पर हललं असेल. मुलगा आठवडाभर तयारी करत होता. अर्कान्सासचं तोपर्यंत कॉन्फरन्समध्ये (म्हणजे गटात) १-६ होतं, एक जिंकलेली सहा हरलेल्या, आम्ही म्हटलं आज हिशोब चुकता.

हरलो. ८९-७९. आणि मारलं कोणी तर आमच्याच पोरांनी, थिएरो, वॅग्नर, इविशिच. थिएरो म्हणजे आमच्याकडे होता तेव्हा बरा वाटायचा, कधी सुरू कधी बंद, काल खांद्याने लोक बाजूला सारत बास्केटकडे चालला होता. बूबू करणारं माझं पोरगं सेकंड हाफमध्ये एकदम गप्प. परत येताना गाडीत बराच वेळ काही नाही, मग म्हणे बाबा, अडूचा डाव्या हाताचा लेअप आधी नव्हता.

बंडू_बास्केट | ३ फेब्रुवारी २०२५

पोराला स्काउट करा. बरोबर बघितलंय.

कोल्हापुरी_इन_डीसी | ३१ मार्च २०२५

आमचा नंबर लागला बघा. मेरीलँड. आठवडाभरापूर्वी डेरिक क्वीनने कोलोरॅडो स्टेटविरुद्ध शेवटच्या सेकंदाला शॉट टाकला, ७२-७१, मी घरात एवढा ओरडलो की शेजाऱ्याने दार वाजवलं. बाल्टिमोरचं पोरगं, फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचं. पण त्याच आठवड्यात सगळं इस्कटत होतं. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर एसएमयूला गेला, आणि कोच केविन विलर्ड टूर्नामेंट चालू असताना जाहीर बोलत सुटला की टीमसाठी पैसे हवेत, ख्रिसमसला टीमला न्यूयॉर्कमध्ये एक रात्र जास्त ठेवायला पण नाही म्हणाले. अहो घरातलं भांडण घरात करा की, पाहुणे बसलेत समोर. स्वीट सिक्स्टीनला (शेवटच्या सोळांत) फ्लोरिडाने धुतलं आणि काल गडी व्हिलानोव्हाला पसार.

निळीशाई ताईंचं ते करेक्शनवालं वाक्य आठवलं. या पोरांनी तर मॅचच्या आधीच ओळखलं असणार. पाचही स्टार्टर जाणार, दोघांची कॉलेजची वर्षं संपलीच, बाकीचे पोर्टल नाहीतर ड्राफ्ट.

बंडू_बास्केट | १ एप्रिल २०२५

क्वीन पहिल्या राउंडमध्ये जाणारच. प्रश्न फक्त फिटनेसचा. पण एक मोठा फरक पडलाय गेल्या वर्षात. आता मधली पोरं ड्राफ्टला जायलाच तयार नाहीत. दुसऱ्या राउंडच्या शेवटी जाऊन बिनहमीचं काँट्रॅक्ट घेण्यापेक्षा कॉलेजात परत येऊन जास्त कमाई होते. ट्रान्सफर पण आता कितीही वेळा, वर्ष वाया न घालवता. एडवर्ड्सची केस आज असती तर तो कुठेतरी मोठ्या चेकवर सोफोमोर (दुसऱ्या वर्षाला) झाला असता. अर्थात त्याचं वाईट झालं नाही, फिलाडेल्फियाने फेब्रुवारीत टू-वेवरून नियमित काँट्रॅक्ट दिलं. मीच मागे 'वाईट वाटतं' लिहिलं होतं, परत घेतो.

बंडू_बास्केट | १ जून २०२५

म्हटलं होतं ना. यंदा लवकर ड्राफ्टला नाव देणारे सुरुवातीलाच फक्त १०६ होते, २०२१ मध्ये साडेतीनशेच्या वर होते. केंटकीच्या ओटेगा ओवेनेपण नाव मागे घेतलं, नागपुरी भाऊ पेढे द्या. आणि कॅलिपारीबरोबर गेलेला फ्लँड ड्राफ्टमधून नाव काढून फ्लोरिडाला गेला. म्हणजे कोचच्या मागे राज्य बदललं आणि वर्षात कोचपण बदलला.

मिशिगनची_मावशी | १ जून २०२५

आणि आपण म्हणतो पोरं कोचवर अवलंबून. मला तर आता उलट वाटायला लागलंय, हे कोच लोकच दर एप्रिलमध्ये फोन हातात घेऊन बसत असतील, कोण राहिलं कोण गेलं.

ठाणेकर७८ | २ जून २०२५

मावशी, त्या साखळीचं शेवटचं टोक सांगायचं राहिलं होतं. केविन यंग बीवाययूला आला आणि त्याच्यामागे रशियाचा येगोर द्योमिन आला, तो यंदा पहिल्या दहात जाईल म्हणतात. म्हणजे एसएमयूने डॅलसमध्ये एक कोच उचलला आणि रशियाचं पोरगं युटामध्ये जाऊन पडलं. (साखळीमुळेच असं नाही, पण मला असं बघायला आवडतं.)

कोल्हापुरी_इन_डीसी | २६ जून २०२५

क्वीन १३ वा! कंबाइनला उड्या-धावण्याचे आकडे सुमार होते म्हणून घाबरलो होतो. अटलांटाने घेऊन न्यू ऑर्लिन्सला दिला, आणि न्यू ऑर्लिन्सने त्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक दिला, तोही बिनशर्त. इकडे सगळे त्यांना वेड्यात काढतायत. आम्ही काढत नाही, आम्ही तो शॉट बघितलाय. द्योमिनपण आठवा गेला, ठाणेकर ज्योतिषी आहेत.

लेक्झिंग्टनचा_नागपुरी | २७ जून २०२५

काल दुसरा राउंड जागून बघितला. आमचे कोबी ब्रेया ४१ वा आणि अमारी विल्यम्स ४६ वा गेले. दोघेही एकेका वर्षासाठी आलेले, एक डेटनचा एक ड्रेक्सेलचा, पण ड्राफ्टमध्ये नावापुढे केंटकी लागलं. पोपने पहिल्याच वर्षी रिकाम्या घरातून स्वीट सिक्स्टीन गाठलं, कॅलिपारीनेपण तिकडे तेच गाठलं, म्हणजे एवढं रामायण होऊन दोन्ही घरं एकाच पायरीवर.

पण सांगायचं ते वेगळंच. ३६ व्या नंबरला थिएरोचं नाव आलं, लेकर्सकडे जाणार म्हणून. मुलगा सोफ्यावरून उठून ओरडला, "आपला गेला!" मी म्हटलं अरे तो अर्कान्सासचा. तर म्हणे, "दोन वर्षं आपल्याकडे होता, एक वर्ष तिकडे. दोन जास्त."

बायको किचनमधून म्हणाली, मग तो कपाटावरचा फोटो काढू का खाली, धूळ बसलीय त्याच्यावर. मुलगा म्हणे तो नको.

सातारी_तडका | २७ जून २०२५

पंधरा महिने धागा वाचून मला आता पिक, पोर्टल, टू-वे सगळं कळतं आणि आजपर्यंत एकही मॅच बघितलेली नाही. नोव्हेंबरात सुरू होतं ना? भारतात किती वाजता दिसतं ते कोणीतरी सांगा.

बंडू_बास्केट | २७ जून २०२५

पहाटे साडेपाचला बहुतेक. चहा टाकून बस.